धर्माच्या गाईचे दात

‘धर्माची गाय आणि दात का गं नाय’ ही म्हण दान घेणाऱ्याला टोमणा मारते. फुकट मिळालंय ना, मग चिकित्सा कशाला? दान देणाऱ्यानं काय विचारावं याबद्दल मात्र ती गप्प आहे. गाय दिली, पुढे ती कुणाच्या गोठ्यात गेली, तिला चारा मिळाला का, महिन्याभरात ती मेली का, हे विचारायची आपल्याकडे रीत नव्हती. दिलं, हात जोडले, विषय संपला. उलट विचारणाराच कोत्या मनाचा ठरायचा.

आता पुरुषोत्तमनगरातल्या कुणाच्या तरी हातातला फोन डोळ्यांसमोर आणा. शहादा तालुक्यातलं, सातपुडा साखर कारखान्याभोवती वाढलेलं हे गाव. फोनवर रील चालू आहे: पाय मोडलेलं कुत्र्याचं पिल्लू, मागे रडकं संगीत, खाली क्यूआर कोड. संस्थेचं नाव इंग्रजी. पत्ता नाही. शहर पुणे असेल, दिल्ली असेल, नाहीतर तिसरंच कुठलं. दोनशे रुपये पाठवायला चार सेकंद लागतात. ते पिल्लू खरंच त्या संस्थेत आहे का, त्याचा पाय खरंच कुणी बांधला का, हे शहाद्यात बसून कळायला काही मार्ग आहे?

मार्ग आहेत. पण कुणी शहाण्या माणसानं एका बैठकीत बसून ते काढलेले नाहीत. प्राण्यांच्या नावानं गोळा झालेल्या पैशावरून गेल्या दोनशे वर्षांत जी भांडणं झाली, त्यांतून एकेक तपासणी जन्माला आली. अडचण पहिल्यापासून एकच आहे. शाळेत कुणी पैसे खाल्ले तर पोरं घरी येऊन सांगतात, दवाखान्यात खाल्ले तर पेशंटचे नातेवाईक आरडाओरडा करतात. इथं ज्याच्यासाठी पैसा आला तोच मुका आहे. त्याच्या वतीनं साक्ष कोण देणार, या एका प्रश्नाभोवती हा सगळा इतिहास फिरतो.

सुरुवात जवळच्या सुरतेपासून करू. नंदुरबारहून रेल्वेनं सुरतेला कामाला जाणारी माणसं आजही रोज दिसतात, आणि मुघल काळात सुरत-बऱ्हाणपूर हा मोठा व्यापारी रस्ताच नंदुरबारवरून जायचा. त्या सुरतेत १६८९ साली जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री उतरला. म्हाताऱ्या, लंगड्या, आजारी गाई, घोडे, बकऱ्या, कुत्री यांच्यासाठी इथं इस्पितळ आहे, असं त्यानं लिहून ठेवलं. ढेकूण आणि पिसवांचीही सोय होती म्हणे: त्यांना रक्त मिळावं म्हणून एका गरीब माणसाला पैसे देऊन रात्रभर खाटेवर झोपवत. परदेशी प्रवाशांना यात भारी गंमत वाटली आणि त्यांनी ती पुन्हा पुन्हा लिहिली. मला त्या खाटेवरच्या माणसाचं कुतूहल वाटतं. त्याला मजुरी मिळत होती, म्हणजे ती कुणीतरी वहीत मांडत असणार.

ती वही असायची महाजनाकडे. महाजन म्हणजे एकटा सावकार नव्हे, गावातल्या व्यापाऱ्यांची पंचायत. गुजरातेत आणि गुजराती-जैन व्यापारी जिथं जिथं गेले तिथं पांजरपोळ चालायचा तो ‘लाग्या’वर. कापसाच्या गाठीमागे इतकं, धान्यामागे इतकं, हुंडीमागे इतकं, अशी ठरलेली रक्कम बाजूला काढली जायची. या पैशावर डल्ला मारणाऱ्याला सरकारी शिक्षा व्हायची की नाही कुणास ठाऊक; पण त्याची हुंडी उद्या कुणी घेणार नाही ही भीती पुरेशी होती. देणारा, घेणारा आणि जनावर एकाच गावात होते. पांजरपोळच्या दारावरून रोज जाणाऱ्या माणसाला गाईच्या बरगड्या मोजता येत होत्या. तपासणी एवढीच होती आणि लहान गावाला ती पुरायची.

मुंबईत ती पुरली नाही. तिथं गोष्ट सुरू झाली ती दयेपासून नाही, दंगलीपासून.

कंपनी सरकारनं १८१३ पासून वर्षातल्या ठराविक आठवड्यांत मोकाट कुत्री मारायची मुभा पोलिसांना दिली होती. १८३२ साली उन्हाळ्यातली ही मुदत वाढवून १५ जूनपर्यंत नेली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे मिळायचे. आता आठ आणे सुटत असतील तर माणूस मोकाट कुत्रं शोधत गल्लोगल्ली कशाला हिंडेल? अंगणात, ओट्यावर, दारात बसलेलं सापडतंच की. घरांतली पाळलेली कुत्रीही ओढून नेल्याच्या तक्रारी झाल्या. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक स्थान आहे. अंत्यविधीत मृतदेह कुत्र्याच्या नजरेस पाडायचा ‘सगदीद’ हा विधी असतो. ६ जूनला, नेमक्या त्यांच्या सणाच्या दिवशी, फोर्ट भागात जमाव शिपायांवर धावून गेला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. पारशांबरोबर हिंदू, जैन, मुसलमान दुकानदारही त्यात उतरले. कुलाब्याच्या छावणीत जाणारी रसद अडली, सैन्य आणावं लागलं, लोकांना पकडलं, काहींना शिक्षा झाल्या. मग जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या प्रतिष्ठितांनी अर्ज-विनंत्या केल्या आणि कुत्री मारण्याऐवजी दुसरीकडे न्यावीत असा तोडगा पुढे आला.

या प्रसंगाला ‘मुंबईतली पहिली दंगल’ वगैरे म्हणतात, त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला त्यातला आठ आण्यांचा भाग महत्त्वाचा वाटतो. जनावर मोजून पैसे देण्याची पद्धत लावली की मोजणाराच जनावरं तयार करू लागतो. हा आकडा पुढे वेगवेगळ्या रूपांत परत येणार आहे.

दुसरीकडे न्यायची, पण कुठं? दोन वर्षांनी, १८ ऑक्टोबर १८३४ रोजी, भुलेश्वरजवळ मुंबईचा पांजरपोळ सुरू झाला. मागे जमशेटजी आणि मोतीशा शेठ, म्हणजे मोतीचंद अमीचंद: एक पारशी, एक जैन. दोघंही चीनच्या व्यापारात गबर झालेले. त्या व्यापारात अफूही होती, हे नमूद करून पुढे जाऊ. सुरतेच्या वळणानंच मुंबईच्या व्यापाऱ्यांनी मालावर लागा बसवला. सक्ती कुणाची नव्हती, पण बाजारात राहायचं तर द्यायचं.

फरक इतकाच की मुंबई वाढत होती. लागा देणारा कापूस-दलाल आणि भुलेश्वरच्या आवारातला बैल यांची गाठ पडायचं कारण उरलं नाही. पैसा आपोआप येत राहिला. जनावरंही येत राहिली, कारण निरुपयोगी बैल सोडून यायची ती सोयीची जागा होती. आत काय चाललंय हे बघायला कोण जातं?

बघायला गेले ते साहेब लोक. लॉकवूड किपलिंग, प्रसिद्ध रुडयार्डचे वडील, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवायचे. ही शाळा उभी राहिली ती त्याच जमशेटजींच्या देणगीतून. भारतातल्या प्राण्यांवर त्यांनी १८९१ साली जे पुस्तक काढलं त्यात पांजरपोळांवर टीका आहे. अशी टीका त्या काळी अनेकांनी केली. तिचा सूर एकच: जीव वाचवल्याचं पुण्य मिळतं, पण वाचलेल्या जिवाचं हाल कुत्रं खात नाही. यात तुच्छता होती आणि ढोंगही होतं. कत्तलखाने आणि शिकारी करणाऱ्यांनी अहिंसेची परीक्षा घ्यावी हे जरा जास्तच. पण म्हणून टीका खोटी ठरत नाही. जनावर मारायचं नाही एवढाच नियम असला, तर सडत पडलेलं जनावरही नियमात बसतं.

याच काळात मुंबईत दुसरं एक रोप लागलं. १८७४ मध्ये प्राण्यांवरच्या क्रूरतेला आळा घालणारी सोसायटी निघाली, जिला आज बीएसपीसीए म्हणतात. १८८३ मध्ये दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नीच्या नावानं, परळला बाई साकरबाई जनावरांचं इस्पितळ आलं. १८८६ मध्ये त्याच आवारात पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. इथं जनावर बरं होण्यासाठी यायचं, कायमचं राहायला नाही. डॉक्टर होता, केसपेपर होता. किती आली, किती बरी झाली, किती मेली हे मांडता येत होतं. पांजरपोळला ‘किती मेली’ हा प्रश्न अपमान वाटायचा; इस्पितळासाठी तो रोजचा कामाचा भाग होता. आजही एखाद्या आश्रयस्थानाला फोन करून हा प्रश्न विचारा. उत्तर देणारा आणि चिडणारा, दोघं वेगळे कळून येतात. ‘आमच्याकडे एकही मरत नाही’ म्हणणाऱ्यापासून मी लांबच राहीन. अपघातात सापडलेली, पार्व्हो झालेली पिल्लं जिथं येतात तिथं मरण असतंच.

पुढच्या पन्नास वर्षांत गाय राजकारणात आली. गोरक्षिणी सभा निघाल्या, गावोगाव वर्गण्या जमल्या आणि हिशेबाचा घोळ वाढला. त्यावर स्पष्ट बोलणाऱ्यांत गांधीजी होते, आणि तेही बेळगावात. डिसेंबर १९२४ मध्ये तिथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, अध्यक्ष तेच. त्याच वेळी तिथं गोरक्षण परिषदही झाली. या कामात त्यांना ओढणाऱ्यांत वाईचे चौंडे महाराज होते. गांधीजींचं म्हणणं भक्तांना रुचणारं नव्हतं: गोशाळा जाणकार माणसांनी चालवाव्यात, त्यांच्या आदर्श दुग्धशाळा व्हाव्यात, आणि आपोआप मेलेल्या गुरांचं चामडं कमावायचा कारखानाही गोरक्षणाचाच भाग मानावा. नुसत्या भावनेवर गाय जगत नाही, तिचा जमाखर्च बसला पाहिजे असा तो हिशेबी विचार होता. दोन वर्षांनी अहमदाबादला अंबालाल साराभाईंच्या गिरणीच्या आवारात ६० मोकाट कुत्री मारली गेली तेव्हा गांधीजींनी साराभाईंची बाजू घेतली आणि वाचकांच्या शिव्या खाल्ल्या. ‘यंग इंडिया’त त्यांनी त्यावर लेखांमागून लेख लिहिले. रस्त्यावर तुकडा टाकून दया केल्याचं समाधान मिळवणाऱ्यांवर त्यांचा राग होता. कुत्र्यांची दया येत असेल तर त्यांची नीट व्यवस्था करणाऱ्या संस्थेला पैसे द्या, असं ते सांगत. पण नीट व्यवस्था करणारी संस्था ओळखायची कशी? त्याला तेव्हा कायद्याचं उत्तर नव्हतं.

ते उत्तर आलं १९५० मध्ये, आणि ते प्राण्यांसाठी केलेलं नव्हतंच. मुंबई राज्यात, ज्यात आपला पश्चिम खानदेश जिल्हाही होता, देवस्थानांच्या आणि धर्मादाय निधींच्या कारभाराबद्दल ओरड होती. न्यायमूर्ती तेंडोलकर यांच्या समितीनं त्यात लक्ष घातलं आणि मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० आला. आज त्याला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम म्हणतात. प्रत्येक सार्वजनिक ट्रस्टनं नोंदणी करायची, उद्देश लिहून द्यायचा, मालमत्ता दाखवायची, हिशेब ठेवायचे आणि तपासून घ्यायचे. हिशेब तपासनिसाला काही गैर दिसलं तर त्यानं ते अहवालात लिहायचंच. जमीन विकायची तर आधी परवानगी. विश्वस्त बदलले तर कळवायचं. वर बसला धर्मादाय आयुक्त.

गंमत बघा, या कायद्याला आव्हान कुणी दिलं? सर्वोच्च न्यायालयात १९५४ साली ‘रतिलाल पानाचंद गांधी’ या नावानं जो निकाल लागला, त्यातलं एक अपील जैन मंदिराच्या व्यवस्थापकाचं होतं आणि दुसरं पारशी पंचायतीच्या विश्वस्तांचं. म्हणजे १८३४ मध्ये ज्या दोन समाजांनी मिळून पांजरपोळ काढला, त्याच दोन समाजांतल्या संस्था एकशेवीस वर्षांनी सरकारी तपासणीविरुद्ध शेजारी उभ्या राहिल्या. त्यांची भीती अगदीच अनाठायी नव्हती. धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक ट्रस्टचा विश्वस्त करून टाकता येईल, अशी तरतूद कायद्यात होती. ती न्यायालयानं रद्द केली. नोंदणी, हिशेब, तपासणी मात्र कायम राहिली. धर्म तुमचा, पण जमाखर्च दाखवावा लागेल.

पुरुषोत्तमनगरच्या वाचकाला हे परकं वाटू नये. सहकारी कारखान्याच्या गावात वार्षिक सभेआधी अहवाल घरी येतो, आणि पाचवी शिकलेला सभासदही ताळेबंदाचं पान उलटून देणी किती वाढली ते बोटानं दाखवतो. उसाचा ट्रॅक्टर काट्यावर चढला की कुठल्याही गावचा शेतकरी आकड्यावरून नजर हलवत नाही. आपल्या उसाला लावतो तो संशय आपल्या दानाला लावायला आपण बिचकतो, एवढंच.

तर या कायद्यामुळे एक सोपी गोष्ट हातात आली. महाराष्ट्रातल्या संस्थेला तिचा नोंदणी क्रमांक विचारायचा. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर नावानं शोधता येतं, आणि ठरलेली फी भरून कार्यालयातून शेड्यूल वनचा उतारा मिळतो. त्यावर विश्वस्तांची नावं, उद्देश आणि मालमत्ता असते. उद्देशात प्राणी आहेत का तेही कळतं; नावात ‘पॉज’ आणि उद्देशात भजनी मंडळ, असंही निघू शकतं. शहाद्याच्या माणसानं सीमेचाही विचार ठेवावा. गुजरात पूर्वी याच मुंबई राज्यात होता, त्यामुळे सुरतेच्या ट्रस्टलाही धर्मादाय आयुक्तच लागतो. पण खेतियाला पाय ठेवला की मध्य प्रदेश, तिथला १९५१ चा कायदा वेगळा आणि नोंदणी महसूल अधिकाऱ्याकडे. दिल्लीत तर धर्मादाय आयुक्त हे पदच नाही. रीलवरची संस्था दिल्लीची असेल तर इथला उतारा मागून उपयोग नाही. तिथं आयकराची 80जी नोंदणी आणि देणगीनंतर मिळणारं 10बीई हे प्रमाणपत्र विचारावं. नीती आयोगाच्या ‘दर्पण’ पोर्टलचा क्रमांक अनेक संस्था मिरवतात. तो असणं चांगलंच, पण ती नोंद आहे, शाबासकी नव्हे.

नोंदणीतून पैशाचा माग लागतो. जनावराचा लागत नाही. त्यासाठी वेगळी वाट निघाली.

रुक्मिणीदेवी अरुंडेल या भरतनाट्यमच्या नावाजलेल्या नर्तिका राज्यसभेच्या सदस्य होत्या. त्यांनी खासगी विधेयक आणलं. नेहरूंनी सरकारतर्फे कायदा करण्याचं मान्य केलं, आणि १९६० मध्ये प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. त्याआधीचा कायदा १८९० चा होता. नव्या कायद्यातून १९६२ मध्ये भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ आलं, रुक्मिणीदेवी त्याच्या अध्यक्ष. हे मंडळ आधी चेन्नईत होतं, आता हरियाणात बल्लभगडला आहे. ते प्राणी-संस्थांना मान्यता देतं, आणि त्यासाठी तपासलेले हिशेब मागतं. कायद्यातला दंड मात्र तेव्हा जो ठरला तोच बरीच वर्षं चालत आला: पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज कुत्र्याच्या बिस्किटांचा मोठा पुडाही येत नाही.

आणि मग आठ आणे परत आले. मुंबई महापालिका नव्वदच्या दशकापर्यंत मोकाट कुत्री मारत होती. संस्थांनी नसबंदीचा पर्याय लावून धरला, १९९८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो उचलून धरला, २००१ मध्ये केंद्राचे नियम आले. कुत्रं पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि पकडलं तिथंच परत सोडायचं. काम संस्थांकडे, पैसे महापालिकेचे, कुत्र्यामागे ठरावीक दर. १८३२ ची सगळी मांडणी उलटी झाली, पण दर तसाच राहिला. हजार कुत्री कागदावर दाखवून सहाशेच केली तर कोण मोजणार? मोजायला कुत्रं तर परत रस्त्यावर गेलेलं.

यावर जो उपाय निघाला तो मला या सगळ्या इतिहासातला सगळ्यात प्रामाणिक उपाय वाटतो, आणि थोडा अंगावर येणाराही. शस्त्रक्रियेत काढलेले अवयव बरणीत जपून ठेवायचे आणि देखरेख समितीनं ते मोजायचे, मग विल्हेवाट. २०२३ च्या नव्या नियमांतही ही मोजणी आहे. दुसरी खूण जिवंत कुत्र्यावर: नसबंदी झालेल्याच्या कानाला छोटा कट देतात. शहाद्याच्या बसस्टँडवर कानाला कट असलेलं कुत्रं दिसलं तर समजावं, याचा हिशेब कुठंतरी मांडलेला आहे. मुक्या लाभार्थ्यानं साक्ष द्यायची सोय अखेर झाली, तीही त्याच्या कानावर. मंडळाची मान्यता नसलेल्या संस्थेला आता हे काम करता येत नाही, तेव्हा ‘आम्ही नसबंदी करतो’ म्हणणाऱ्याला मान्यतेचं प्रमाणपत्र आणि समितीचं नाव विचारायला हरकत नसावी.

गाईच्या बाबतीतही तीच कथा. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी पूर्ण झाली आणि भाकड जनावरांचा प्रश्न गोठ्यातून गोशाळेत गेला. २०२४ मध्ये राज्य सरकारनं नोंदणीकृत गोशाळांना देशी गाईमागे रोज ५० रुपये अनुदान जाहीर केलं. गाईमागे रोज पन्नास: शंभर गाई म्हणजे वर्षाला सव्वा अठरा लाख. म्हणून कानातला बारा आकडी बिल्ला आला. बिल्ला नाही तर गाय नाही. गोशाळेला वर्गणी मागायला दारात माणूस आला तर बिल्ले किती, हा प्रश्न त्याला कळतो.

जुन्या पांजरपोळांना आणखी एक संपत्ती आहे, जमीन. नाशिकचा पांजरपोळ १८७८ चा. शहराला लागून चुंचाळे भागात त्याची शेकडो एकर झाडीची जमीन आहे. ती उद्योगांना द्यावी की नाही यावरून अलीकडे मोठा वाद झाला, पर्यावरणवाले विरोधात उतरले. एखाद्या संस्थेच्या जमिनीचा भाव तिच्या गाईंपेक्षा कितीतरी पट झाला की विश्वस्त मंडळात कोण आहे आणि का आहे, हे बघण्यात रस वाढतो. जमीन विकायला परवानगी लागते ही १९५० ची तरतूद तेव्हा लिहिणाऱ्यांना इतकी कामाची ठरेल असं वाटलं असेल का, कुणास ठाऊक.

आता पुन्हा फोनकडे. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा काय करतो? जबडा उघडून दात बघतो, मग चालवून बघतो, मग किमतीचं बोलतो. बैलबाजारात आदत, दोनदाती, चारदाती, जुळलेला असे शब्दच आहेत दातांवरून. रीलला दात नसतात. साप पिल्लाला विळखा घालतो आणि नेमका तेव्हाच कॅमेरेवाला ‘वाचवायला’ पोचतो, असले व्हिडिओ जगभर इतके निघाले की २०२१ मध्ये यूट्यूबनं बनावट सुटकेच्या व्हिडिओंवर बंदी जाहीर केली. बंदी पाळली जाते का ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. आठ आणे आता व्ह्यूजमध्ये मिळतात. जनावर तयार करणारा मोजणारा तोच.

म्हणून बघायचं ते व्हिडिओच्या आधीचं आणि नंतरचं. कॅमेरा लावायला वेळ मिळाला आणि जनावराला हात द्यायला मिळाला नाही, असं दिसतंय का? तेच पिल्लू तीन महिन्यांनी कुठं आहे? उपचार करणाऱ्या पशुवैद्याचं नाव सांगतात का, बिलाचा फोटो दाखवतात का? क्यूआर स्कॅन केल्यावर नाव संस्थेचं येतं की कुणा व्यक्तीचं? देणगी संस्थेच्या नावानं आणि पैसा भावाच्या खात्यात, हा जुना प्रकार आहे. पिल्लू दत्तक देतो म्हणून आधी ‘गाडीभाडं’ मागणारा, मग विमा, मग पिंजरा मागणारा, हा नवा. खरी संस्था दत्तक देताना उलट तुमचीच चौकशी करते: घर भाड्याचं का, दिवसभर घरी कोण असतं, नसबंदी करून घ्याल ना. तिच्या प्रश्नांचा राग येतो. येऊ द्यावा. भेटायला येऊ का म्हटल्यावर ठरलेली वेळ देणारी संस्था ठीक आहे. आजारी जनावरांत कधीही शिरू देत नाहीत ते बरोबरच आहे. कधीच येऊ नका म्हणणारी ठीक नाही.

आणि एक, गावातल्या त्या मुलाचं काय जो स्वतःच्या खर्चानं चार कुत्र्यांना रोज भात घालतो, जखमेवर हळद लावतो? त्याच्याकडे ना नोंदणी ना ताळेबंद. त्याला उतारा मागू नका. त्याची तपासणी सुरतेच्या महाजनासारखीच, रोज जाता-येता होते. तो जेव्हा फोनवर अनोळखी लोकांकडे पैसे मागू लागतो, तेव्हा कागद लागतात.

हे सगळं आत्ता लिहायचं कारणही आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आधी दिल्ली परिसरातली मोकाट कुत्री उचलून आश्रयस्थानांत ठेवा म्हटलं, दोन आठवड्यांच्या आत तो आदेश बदलून नसबंदी-लसीकरणानंतर परत सोडण्यावर आलं, आणि विषय देशभर नेला. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातून कुत्री हलवायला सांगितलं. हलवून न्यायची कुठं, हा १८३२ चा प्रश्न नगरपालिकांसमोर पुन्हा आला आहे. आश्रयस्थानं निघतील, निविदा निघतील, कुत्र्यामागे दर ठरतील.

भुलेश्वरचा पांजरपोळ आजही तिथंच आहे. गर्दीच्या गल्लीतून आत गेलं की मोठं आवार लागतं, माणसं चारा विकत घेऊन जनावरांना घालतात आणि पाया पडून जातात. रस्त्यावरच्या कुत्र्यांवरून दंगल झाली आणि त्यातून तो उघडला. आत आता मुख्यतः गाई आहेत.